व्हिजन फलकावर नको, हिशेबात हवं

आपल्या जमातीत बदल घडवायचा म्हटलं की पहिली बैठक 'व्हिजन' ठरवायला बसते. पाच-सात विश्वस्त, एखादे डॉक्टर, एखादे वकील, आणि इंजिनिअर म्हणून मलाही बोलावतात. पर्यावरणाचा एक मुद्दा हमखास असतो. मग पावसाळ्यात रोपं लागतात, फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात, उन्हाळ्यात काड्या उरतात. माझा आक्षेप या पद्धतीवरच आहे. मूठभरांनी ठरवायचं आणि बाकीच्यांना 'समजावून' सांगायचं, याला सामायिक ध्येय म्हणत नाहीत. ते परिपत्रक झालं.

सामायिक ध्येय कसं असतं ते नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारमध्ये बघा. पाऊस जेमतेम 400 मिलिमीटर. 1989 साली पोपटराव पवार सरपंच झाले, तेव्हा गाव दुष्काळ, दारू आणि स्थलांतरानं पोखरलेलं होतं. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, श्रमदान हे सगळं झालंच. पण मला भावतो तो पाण्याचा ताळेबंद. पाऊस मोजायचा, पाणी किती साठलं ते काढायचं, आधी माणसं आणि जनावरांचं पाणी बाजूला ठेवायचं, उरलं त्यावर कोणती पिकं घ्यायची ते ग्रामसभेत ठरवायचं. शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही. ऊस नाही, केळी नाही. आकडे सगळ्यांसमोर असतात, म्हणून नियम सरपंचांचा राहत नाही, गावाचा होतो.

"आपल्याकडे कुठंय पोपटराव?" असं कुणी म्हणेल. पण मापं घ्यायला आणि आकडे चारचौघांत वाचायला पोपटराव कशाला लागतात?

मी पिंपळीचा, बारामती तालुक्याच्या बागायती बाजूचा. नीरा डाव्या कालव्यानं आम्हाला ऊस दिला आणि पाणी मोजायची सवय मात्र मोडली. याच तालुक्यात सुपे-मोरगावकडचा जिरायत भाग दुष्काळी वर्षात टँकरकडे डोळे लावून बसतो. उसाचं गणित एकट्या जमातीच्या हातात नाही, हे मान्य. पण वजूखान्याचा नळ कुणाच्या हातात आहे?

पैगंबर एक मुद पाण्यात वजू करत, असं बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. मुद म्हणजे फार तर लिटरभर. आता आपल्या मशिदीतल्या नळाखाली बादली ठेवून वजू करा आणि बादलीत किती साठलं ते बघा. जुम्याला आलेल्या माणसांनी त्याला गुणा. हे पाणी बहुतेक ठिकाणी थेट गटारात जातं, आणि आपण बोअर आणखी खोल घेण्यासाठी वर्गणी काढतो. खुत्ब्यात इसराफवर बोलायचं आणि बाहेर नळ गळत ठेवायचा, हे आणखी किती दिवस?

दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे. घरचं पाणी कोण भरतं, कोण साठवतं, कोण पुरवून वापरतं? आपल्या आया, बहिणी, बायका. आणि पाण्यावरच्या जमातीच्या बैठकीत किती बायका असतात? बहुतेक ठिकाणी एकही नाही. ज्यांना विषय कळतो त्यांना बाहेर ठेवून केलेलं व्हिजन मी तरी सामायिक मानणार नाही.

"समाजापुढे नोकरी, सुरक्षितता, घर असे मोठे प्रश्न असताना हे काय काढलंत?" असं मला ऐकवलं जातं. पण ते मोठे प्रश्न ज्या संघटनेनं सोडवायचे, तिला स्वतःच्या नळाचा हिशेब मांडता येत नसेल तर तिच्या शब्दावर कोण विश्वास ठेवील? सरकारी कचेरीत तरी?

तेव्हा पुढच्या बैठकीत प्रस्ताव द्या. नळावर मीटर, दर महिन्याला आकडा दारातल्या फळ्यावर, वजूचं पाणी झाडांना किंवा शोषखड्ड्यात. किती कमी करायचं ते विश्वस्तांनी ठरवू नये. पुरुष, बायका, मदरशातली मोठी मुलं यांच्या बैठकीत ठरावं. पहिला मीटर विश्वस्तांच्या घरी बसवा. त्यालाच विरोध होईल, आणि तो कोण करतं ते मिनिटबुकात नावानिशी लिहून घ्या.