महाराष्ट्र दिनाच्या सत्काराबद्दल

महाराष्ट्र दिनाच्या कार्यक्रमानंतर कार्यकारिणीकडे बरीच पत्रं आली. काही कौतुकाची, बरीचशी रागाची, आणि एक-दोन अशी की वाचून झाल्यावरही ती कुठल्या बाजूची हे कळलं नाही. त्या दिवशी जे हजर नव्हते त्यांच्यासाठी (नसलेल्यांची संख्या असलेल्यांपेक्षा मोठी होती, त्याकडे पुढे येऊच) थोडक्यात सांगतो. आपल्या मंडळातल्या एका कुटुंबातली दहावीतली मुलगी इथल्या शाळांच्या माउंटन बाइक लीगमध्ये यंदा मोसमभर पहिल्या काही जणींत राहिली. कार्यकारिणीने एकमताने तिचा सत्कार ठरवला. तिचे आजी-आजोबा हिंगोलीहून आलेले होते. आजोबांना दोन शब्द बोलायची विनंती केली. ते दोन शब्द लांबले. नाट्यगटाची एकांकिका उशिरा सुरू झाली, सभागृह दहाला रिकामं करायचं होतं आणि शेवटचा प्रवेश गुंडाळावा लागला.

नाट्यगटाविषयी कार्यकारिणीला नितांत आदर आहे. चार महिने तालमी करून शेवटचा प्रवेश दिवे लागलेल्या सभागृहात, खुर्च्या उचलणाऱ्या माणसांसमोर करावा लागणं कुणालाही लागेल. तरीही वेळेचा सगळा हिशेब एकट्या आजोबांच्या नावावर मांडणं बरोबर नाही. कार्यक्रम मुळातच चाळीस मिनिटं उशिरा सुरू झाला होता, कारण साडेपाचला सभागृहात स्वयंसेवक सोडून कोणी नव्हतं. अल्पोपाहाराची रांगही लांबली. आमच्या पाहुण्यांपैकी फक्त वयस्कर माणसाकडे बोट दाखवणं सोपं आहे, इतकंच.

आणि आजोबा बोलले तरी काय? सत्कार स्वीकारायला ते मंचावर चढत असताना सूत्रसंचालकांनी सहज विचारलं, "हिंगोली म्हणजे विदर्भात ना?" सभागृहात हसू पिकलं. आजोबा हसले नाहीत. जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्य काढलेला माणूस तो. चुकलेलं उत्तर तसंच सोडून पुढे जाणं त्यांना जमणार नव्हतं. हिंगोली मराठवाड्यात आहे, आधी परभणी जिल्ह्यात होतं, आणि 1 मे 1999 रोजी स्वतंत्र जिल्हा झालं. म्हणजे आपण महाराष्ट्र दिन साजरा करत होतो तो आठवडा त्यांच्या जिल्ह्याच्याही वाढदिवसाचा. हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक होतं? पुढे औंढा नागनाथाचं ज्योतिर्लिंग आलं, नामदेवांसाठी देऊळ फिरल्याची आख्यायिका आली, नामदेवांचं नर्सी आलं, वसमतच्या हळदीला 2024 मध्ये मिळालेलं भौगोलिक मानांकन आलं. कयाधू नदीही आली. मग औंढ्याजवळ होऊ घातलेली, गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा आली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, 2600 कोटींचा प्रकल्प, केंद्राची मंजुरी एप्रिल 2023 मधली. लायगोच्या उभारणीत आपल्याच कॅलिफोर्नियातल्या कॅलटेकचा मोठा वाटा आहे, तेव्हा हा संबंध इथल्या इंजिनिअर मंडळींना तरी रुचायला हरकत नव्हती.

पाल्हाळ होतं का? होतं. पण मंडळाच्या इतक्या वर्षांत मंचावरून पुण्यातल्या पेठा आणि दादरच्या गल्ल्या आपण किती वेळा ऐकल्या, याचाही हिशेब कधीतरी व्हावा. (हे कुणालाही उद्देशून लिहिलेलं नाही. कार्यकारिणीतले निम्मे सभासद पुण्याचे आहेत.)

दुसरा आक्षेप निकषाचा. स्पेलिंग बी, गणिताची ऑलिंपियाड, अरंगेत्रम ही यादी सगळ्यांना मान्य आहे. "सायकल चालवण्याचा" सत्कार हे काहींना पचलं नाही. इथे थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण आक्षेप घेणाऱ्या बहुतेकांनी ही शर्यत पाहिलेली नाही.

माउंटन बाइकिंग हा खेळ आपल्या अंगणातला आहे. गोल्डन गेट ओलांडून गेलं की जो माउंट टॅम दिसतो, त्याच्याच परिसरात 1970 च्या दशकात काही तरुण जुन्या, जड, फुगीर टायरांच्या सायकली कच्च्या उतारांवरून हाकायला लागले. 1976 मध्ये तिथे पहिली रीतसर शर्यत झाली, आणि वीस वर्षांत हा खेळ अटलांटा ऑलिंपिकमध्ये पोचला. शाळांची लीगही इथलीच. बर्कली हायस्कूलच्या एका गणिताच्या शिक्षकाने सुरुवात केली, 2001 मध्ये उत्तर कॅलिफोर्नियाची लीग उभी राहिली आणि आता ती देशभर पसरली आहे. तिचा एक नियम आमच्यातल्या पालकांना फार आवडला: संघात राखीव खेळाडू नसतोच. नाव दिलं की प्रत्येक मूल शर्यतीत उतरतं. आपल्या बालनाट्याच्या निवडीवेळी दरवर्षी जी रडारड होते ती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना याचं मोल कळेल.

ही क्रॉस-कंट्री शर्यत म्हणजे डोंगरातल्या एकाच वळसेदार वाटेच्या ठरावीक फेऱ्या. चढावर मागचं चाक भुसभुशीत मातीत फिरू न देता वजन कुठे ठेवायचं, उतारावर ब्रेक कधी सोडायचा, पुढची मुलगी दमलेली आहे की दम राखून आहे, हे सगळं श्वास कानात वाजत असताना ठरवायचं. सायकल शिकलेला प्रत्येक माणूस हे करू शकतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी एखाद्या शनिवारी यावं. हेल्मेट आम्ही देऊ.

महाराष्ट्रातही हा खेळ नवा राहिलेला नाही. संगमनेरच्या प्रणिता सोमणने राष्ट्रीय पातळीवर माउंटन बाइकमध्ये महाराष्ट्राला सुवर्णपदक मिळवून दिलं आहे. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 2015 मध्ये अमेरिका आडवी पार करणारी रॅम शर्यत दोघांच्या संघातून पूर्ण केली. ती डांबरी रस्त्यावरची, प्रकार वेगळा. पण त्या वेळी आपल्याच मंडळींनी केवढे फोटो फिरवले होते ते आठवतं. पाहुण्यांचं कौतुक चालतं, मग घरच्या मुलीचं का नाही?

"बापाच्या पैशाचा खेळ" असंही एका पत्रात आहे. खेळ महाग आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. शर्यतीच्या चांगल्या सायकलीला तीन-चार हजार डॉलर सहज पडतात. या मुलीची पहिली सायकल मात्र दुसऱ्याने वापरून विकलेली होती, आणि दोन वर्षं ती त्याच सायकलवर पळली. दुसऱ्या एका सभासदाने विचारलं, कॉलेजप्रवेशाला याचा उपयोग किती? खरं उत्तर असं की फारसा नाही. सायकलिंग एनसीएए या कॉलेजांच्या क्रीडासंघटनेच्या खेळांत बसत नाही, त्यामुळे त्यावर मिळणाऱ्या शिष्यवृत्त्या अगदी मोजक्या. ज्याचा अर्जात उपयोग नाही असं काहीतरी एक सोळा वर्षांची मुलगी पहाटे उठून, चिखलात आणि धुळीत, तीन वर्षं करते आहे. कार्यकारिणीच्या मते सत्काराला एवढं कारण पुरेसं होतं. कुणाचं मत वेगळं असेल, तर ते वार्षिक सभेत मांडावं. निकष सभेनेच ठरवलेले आहेत, आणि त्यात "क्रीडा" हा शब्द आहे.

ती मराठी शाळेला आली नाही, हा आक्षेप आम्ही वाचला. मराठी शाळा रविवारी सकाळी, शर्यती बहुतेक शनिवार-रविवारी; त्यावर शाळेच्या शिक्षिकांशी वेगळं बोलणं चालू आहे. मंचावर तिच्या हाती माइक दिला तेव्हा ती म्हणाली, "मला बोलायला जास्त येत नाही, आणि आजोबांनी माझी सगळी वेळ संपवली." वाक्यातलं लिंग चुकलं असेल, पण त्या संध्याकाळी सर्वांत मोठा हशा त्याला होता, आणि या वेळी आजोबाही हसले.

आता ज्यासाठी हे संपादकीय लिहायला घेतलं त्याकडे येतो. त्याच कार्यक्रमात घोषणा केली होती की मोसमातली शेवटची शर्यत पुढच्या पंधरवड्यात आहे, माँटेरेकडे, मंडळातर्फे सगळ्यांनी मिळून जाऊ. नाव नोंदवायला कागद फिरवला. त्यावर सह्या भरपूर झाल्या. प्रत्यक्षात दोन गाड्या आल्या, त्यातली एक मुलीच्या काकांची.

काकांना तुम्ही ओळखता; गेली कित्येक वर्षं गणेशोत्सवाची ध्वनियंत्रणा तेच सांभाळतात, आणि त्यांचा आवाज आपल्याला फक्त "हॅलो, हॅलो, टेस्टिंग" एवढाच माहीत आहे. त्या दिवशी ते चढाच्या वळणावर एका ओकच्या झाडाखाली उभे राहून ओरडत होते ते मराठवाडीत, आणि काय ओरडत होते हे बाजूच्या अमेरिकन पालकांना कळत नसूनही तेही त्यांच्याबरोबर ओरडायला लागले. आजी पाण्याच्या बाटल्या द्यायच्या ठरावीक पट्ट्यात उभ्या होत्या. धावत्या सायकलवरच्या माणसाला बाटली द्यायची म्हणजे ती वरून चिमटीत धरायची, हात लांब करायचा आणि पकड बसली की सोडायची. आजींनी नऊवारीचा पदर खोचून पहिल्या फेरीत बाटली गच्च धरली, नातीने ओढली, बाटली मातीत गेली. दुसऱ्या फेरीत बरोबर जमलं. शेवटच्या उतारावर मुलगी घसरली, कोपर सोललं, उठली, चौथी आली. आजींच्या पिशवीतून वसमतच्या हळदीची डबी निघाली, तर प्रथमोपचाराच्या बाईंनी नम्रपणे नको म्हटलं. आजी म्हणाल्या, "बरं माय, तुमच्या औषधानं होऊ द्या, लेकराला चहा तरी देऊ द्या." हिंगोलीला फोन लागला तेव्हा तिकडे मध्यरात्र उलटून गेली होती, तरी चुलत आजोबांनी पहिल्या घंटीला उचलला. चौथी म्हणजे पहिली नाही, हे त्यांना समजावून सांगायला बराच वेळ लागला, आणि शेवटपर्यंत ते पटलं नाही.

हे पाहायला आपल्यापैकी कोण होतं? सत्काराला टाळ्या सगळ्यांनी वाजवल्या. सत्कार कशाला म्हणून पत्रंही उत्साहाने लिहिली. मुलगी जे करते ते बघायला मात्र गाडीत पेट्रोल नव्हतं. हीच गोष्ट एकांकिकेची: ज्यांनी शेवटचा प्रवेश कापला गेल्याबद्दल कडक शब्द लिहिले, त्यातल्या काहींच्या खुर्च्या मध्यंतरानंतर रिकाम्या होत्या. नावं घेत नाही. प्रवेशिकांचा हिशेब खजिनदारांकडे आहे.

कुटुंबाने शालीऐवजी मिळालेला धनादेश परत केला आहे आणि एक सुचवणी केली आहे. हिंगोलीसारख्या जिल्ह्यांत मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेत जायला सायकल मिळते. पुढचं पंक्चर, ब्रेकचे रबर, चेन हा खर्च घरच्यांचा, आणि सायकल एकदा दाराशी टेकून राहिली की शाळाही टेकते. आजोबांच्या जुन्या शाळेच्या गावात दुरुस्तीचा खर्च उचलता येईल का, अशी विचारणा आहे. काही सभासदांना वाटतं मंडळाचा पैसा इथेच खर्च व्हावा. दोन्ही मतांचा आदर राखून कार्यकारिणीने ठरवलं आहे की मंडळाच्या निधीला हात न लावता ऐच्छिक वर्गणी घ्यावी, आणि हिशेब वार्तापत्रात छापावा.

एकांकिकेचा पूर्ण प्रयोग गणेशोत्सवाच्या आधी एका शनिवारी पुन्हा होईल. त्या दिवशी सत्कार नाही, भाषणं नाहीत, अल्पोपाहार प्रयोगानंतर. वेळेवर या. पुढच्या वर्षीच्या सत्कारांसाठी आपल्या मुलांची, पुतण्या-भाच्यांची माहिती पालकांनी स्वतःच पाठवावी. "आमच्या मुलाचं कुणाला सुचलं नाही" ही तक्रार नंतर घेतली जाणार नाही. नाव कुठल्याही खेळाचं चालेल. बोलणाऱ्या नातेवाइकाला पाच मिनिटं, हिंगोलीकरांना सात.

लीगचा पुढचा मोसम फेब्रुवारीत सुरू होतो. बाटल्या देण्यासाठी, वळणांवर उभं राहण्यासाठी, भाकरी-पिठल्याचे डबे नेण्यासाठी माणसं हवी आहेत. वार्षिक वर्गणी अजून ज्यांची यायची आहे त्यांनी कृपया महिनाअखेरपर्यंत भरावी. आणि मागच्या कोजागरीपासून मंडळाचा निळा घडीचा तंबू ज्यांच्या गॅरेजमध्ये आहे त्यांनी तो आणून द्यावा. माँटेरेच्या उन्हात तो लागतो.

– कार्यकारिणीच्या वतीने, संपादक