कयाक घ्यावी ती कोणती?

नांदगांव (जि. सिंधुदुर्ग) येथील एका गृहस्थांनीं आम्हांस विचारलें आहे कीं, त्यांच्या चिरंजीवास कयाक घ्यावयाची आहे. हिवाळ्या-उन्हाळ्यांत खाडींत गळ टाकावयाचा आणि पावसाळ्यांत नदीच्या खळाळत्या पाण्यांतून तीच होडी हाकावयाची, अशीं दोन्हीं कामें एकीकडून होतील काय? मातोश्रींची संमति अद्याप मिळालेली नाहीं, असेंहि ते लिहितात. ज्यांच्या घरीं मासळी उंबरठा ओलांडीत नाहीं, त्या वाचकांनींहि हें पान उलटूं नये. प्रश्न मासळीचा थोडा आणि पाण्याचा फार आहे.

उत्तर आरंभींच सांगून टाकतों. दोन्हीं कामें होतील, पण अर्धींमुर्धीं होतील. आणि त्यांतलें दुसरें काम नांदगांवच्या आसपास करूं नये.

कयाक मूळची ग्रीनलंड, अलास्का व उत्तर कॅनडा इकडील लोकांची. लांकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचें कातडें ताणून, अंगरखा बेतावा त्याप्रमाणें चालविणाऱ्याच्या मापानें ती बेतीत असत. ती शिकारीची होडी. खळाळावरची क्रीडा हा तिला मागाहून जडलेला छंद. आज ती बहुधा प्लॅस्टिकच्या सांच्यांतून निघते आणि तिचीं दोन कुळें स्पष्ट वेगळीं झालीं आहेत. मासे धरण्याची कयाक साधारण अकरा ते तेरा फूट लांब, बत्तीस ते छत्तीस इंच रुंद आणि तळाशीं चपटी असते. बसावयाचें तें वर, उघड्यावर. आपल्या किनाऱ्यावरील लहान होडीला बाजूस उलांडी बांधलेली असते, म्हणून ती सहसा कलंडत नाहीं. कयाकला उलांडी नाहीं. तिचें काम रुंदीनेंच भागवावें लागतें. उलट खळाळाची कयाक आठ-नऊ फुटांची, अंगाला घट्ट, आणि झुलत्या खुर्चीच्या पायांप्रमाणें दोन्हीं टोकांस वर वळलेली असते. त्यामुळें वल्ह्याच्या एका फटक्यांत ती धोंड चुकवून वळते. आणि त्यामुळेंच संथ खाडींत प्रत्येक फटक्यास डावी-उजवीकडे मान हलवीत चालते. तींत बसून दोन मैल जाणें म्हणजे हट्टी बैल हाकणें होय.

या दोहींच्या मधली जात कारखानदारांनीं काढली आहे. सुमारें दहा फुटांची होडी, आणि मागें तळांतून खालींवर सरकणारी एक शेपटी. शेपटी खालीं सोडली कीं होडी सरळ चालते, वर ओढली कीं वळूं लागते. युक्ति चांगली आहे. पाण्याच्या कठीणपणाच्या ज्या सहा श्रेणी जगभर मानतात, त्यांपैकीं पहिल्या दोहोंत ही होडी निर्धास्त चालते. तिसरींत चालविणारा तयार असावा लागतो. परंतु या जातीच्या पुष्कळ कयाकींत पाय आंत घालून बसावें लागतें. ती उलटली तर वल्ह्याच्या हिसक्यानें पुन्हां सुलटी करण्याची विद्या आली पाहिजे, नाहीं तर पाण्याखालीं तिच्यांतून सुटण्याची तरी. आणि त्या वेळीं भोंवतीं दोरी, गळ व टोपली लोंबत असेल तर सुटणें किती सोपें राहील?

आतां पाण्याकडे वळूं. कणकवलीची गड नदी घ्या, जानवली घ्या. सह्याद्रीवरून झपाट्यानें उतरून, थोडी सपाटी ओलांडून त्या खाडीस मिळतात. फाल्गुन-चैत्रांत त्यांचे कोंड तेवढे उरतात. आषाढांत घाटावर पाऊस पडला कीं कांहीं तासांत पाणी चढतें, गढूळ होतें आणि मुळांसकट झाडें वाहून आणतें. हें खेळाचें पाणी नव्हे. त्यांत ठिकठिकाणीं बंधारे आहेत. कोल्हापुरी पद्धतीच्या बंधाऱ्याचे बर्गे पावसाळ्यांत काढतात, परंतु खांब राहतात. त्यांत ओंडके अडकले कीं चाळणी तयार होते. पाणी तिच्यांतून जातें, माणूस अडकतो. सलग भिंतीचा बंधारा याहून वाईट. भिंतीवरून पडलेलें पाणी पायथ्याशीं उलटून पुन्हां भिंतीकडेच येतें, आणि त्यांत सांपडलेला ओंडका तासन् तास गरगरत राहतो. वरच्या अंगानें येणाऱ्यास मात्र पाण्यावर एक आडवी शांत रेघ दिसते, इतकेंच. पोहतां उत्तम येतें, हें उत्तर येथें कामाचें नाहीं. या बाबतींत मातोश्रींचा नकार आम्हांस पूर्ण मान्य आहे.

खळाळाची हौस खरी असेल तर रायगड जिल्ह्यांत कोलाडला जावें. ज्या मुळशी धरणाविरुद्ध १९२१ सालीं सत्याग्रह सुरू झाला, त्याचें पाणी भिऱ्याच्या वीजघरांतून कुंडलिकेंत येतें. १९२७ पासून वीज देणाऱ्या त्या घराच्या कृपेनें ही नदी उन्हाळ्यांतहि वाहती राहते. पाणी ठरावीक वेळीं सुटतें, बरोबर शिकविणारे असतात, होडी व हेल्मेट त्यांचेंच. तेथें चार-सहा वेळां जाण्याचा खर्च दुसरी कयाक विकत घेण्याहून कमीच पडेल.

मग घ्यावयाची ती खाडीचीच घ्यावी. दहा ते अकरा फूट लांब, बत्तीस-तेहतीस इंच रुंद, वर बसण्याची, तळाला आरपार भोंकें असलेली; चढलेलें पाणी त्यांतून आपोआप निथळतें. टोकांस किंचित् वळण असावें, म्हणजे अरुंद फाट्यांतहि फिरवितां येते. वजन तीस किलोच्या आंत असावें, कारण नांदगांवाहून ती टेंपोवर चढवून न्यावयाची आहे. हवा भरण्याची स्वस्त होडी घेऊं नये. खडपावरचीं कालवें तिचें पोट फाडतील. विकत घेण्यापूर्वीं कमरेभर पाण्यांत ती मुद्दाम उलटी करून, पुन्हां सुलटी करून, वर चढून पाहावें, दहा वेळां. जाकीट अंगांत घातलेलें असावें, होडीस बांधलेलें नव्हे. नांगर फक्त संथ पाण्यांत, आणि तोहि पुढच्या किंवा मागच्या टोकास. वाहत्या पाण्यांत बाजूला बांधलेला नांगर होडीस पालथी घालतो. दोरी तोडावयास सुरी हाताशीं असावी.

कालावलच्या किंवा देवगडच्या खाडींत जावयाचें तर भरतीचें गणित स्थानिक कोळ्यांस विचारावें. भांगाच्या दिवसांत पाण्याची ओढ कमी, उधाणाच्या दिवसांत फार. सुकती लागली कीं खाडीच्या मुखाकडे फिरकूं नये. बाहेर जाणारें पाणी आणि आंत येणारी लाट तेथें एकमेकांवर आदळतात, आणि त्या वेळीं पहांटेचा मतलई वाराहि समुद्राकडेच ढकलीत असला तर वल्हें पुरत नाहीं. मुखापासून आंत, तिवरांच्या कडेनें, भरतीच्या पहिल्या दोन तासांत तांबोशी व काळुंदर यांचा शोध घ्यावा. मालवणास सिंधुदुर्ग किल्ल्याभोंवतीं १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तेथें गळ टाकण्यापूर्वीं वनखात्याकडे चौकशी करावी.