'सुटला' म्हणजे 'केस खोटी' नव्हे!

वरकुट्याच्या पारावर बसा, इंदापूरच्या एसटी स्टँडवर थांबा नाहीतर बारामतीच्या कोर्टाबाहेरच्या चहाच्या टपरीवर उभे राहा, एक वाक्य हमखास कानावर येते : "ॲट्रॉसिटीच्या केसेस खोट्याच असतात. बघा ना, किती जण निर्दोष सुटतात!" 2016 च्या मोर्च्यांतही कायदा बदला, ही मागणी याच वाक्याच्या जोरावर झाली. आपली पोरं यावर चिडतात, भांडतात, पण उत्तर देत नाहीत. याचे कारण धैर्याची कमतरता नाही. शब्द आपल्या ताब्यात नाहीत, हे कारण आहे. न्यायालयाचा एक शब्द आणि गावाचा एक शब्द यांची बेमालूम भेसळ केली जाते आणि आपण ती निमूटपणे गिळतो.

वेब सिरीजमध्ये अमेरिकन कोर्ट सर्वांनी पाहिलेले आहे. ज्युरीचा प्रमुख उठतो आणि म्हणतो, 'नॉट गिल्टी'. तो 'इनोसंट' म्हणत नाही. 'दोषी ठरला नाही' आणि 'निष्पाप आहे' ही दोन वेगळी विधाने आहेत. सरकारी पक्षाला वाजवी संशयापलीकडे गुन्हा सिद्ध करता आला नाही, इतकेच पहिल्या विधानात असते. आपल्या मराठीत मात्र या निकालाला काय म्हणतात? 'निर्दोष मुक्तता'! निकालपत्रात संशयाचा फायदा दिलेला असतो आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात 'निर्दोष' हा शब्द ठळक होऊन येतो. पारावर पोहोचेपर्यंत त्याचे 'केस खोटी होती' झालेले असते.

हा फरक किती जीवघेणा आहे हे पाहायचे तर मिसिसिपीकडे पाहा. ऑगस्ट 1955 मध्ये एमेट टिल या 14 वर्षांच्या काळ्या मुलाला हाल करून मारले गेले. सप्टेंबरमध्ये बारा गोऱ्या पुरुषांच्या ज्युरीने सुमारे तासाभरात दोन गोऱ्या आरोपींना 'नॉट गिल्टी' ठरवले. जानेवारी 1956 मध्ये त्याच दोघांनी 'लुक' या नियतकालिकात खुनाची कबुली छापून आणली. एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला नाही, या तत्त्वाचे कवच त्यांच्याकडे होते. ते तत्त्व आपल्या संविधानाच्या कलम 20(2) मध्येही आहे आणि ते असलेच पाहिजे. पण त्या निकालाने एमेट टिलची केस खोटी ठरली होती का?

आता महाराष्ट्रात या. जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात 28 एप्रिल 2014 रोजी नितीन आगे या 17 वर्षांच्या मुलाचा खून झाला. नोव्हेंबर 2017 मध्ये अहमदनगरच्या न्यायालयात आरोपी सुटले. अनेक साक्षीदार फितूर झाले होते. सुटलेल्यांना कायदा दोषी मानत नाही, आम्हीही मानत नाही. पण नितीनचा मृतदेह खोटा होता का? खैरलांजीत 29 सप्टेंबर 2006 रोजी भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. 2008 मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना खुनासाठी दोषी धरले, पण ॲट्रॉसिटी कायद्याची कलमे लागू होत नाहीत असे म्हटले. 2010 मध्ये नागपूर खंडपीठानेही तेच धरले. म्हणजे ॲट्रॉसिटीचा आरोप तिथे टिकला नाही. मग खैरलांजी खोटी?

आम्ही एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. आरोपीला निर्दोष गृहीत धरणे हे तत्त्व आम्हाला नकोसे नाही. तुरुंगात कुजणाऱ्या गरीब, दलित, आदिवासी, मुस्लिम कच्च्या कैद्यांना त्याचाच आधार आहे. आमचे म्हणणे इतकेच आहे : आरोपीला संशयाचा फायदा द्या, पण त्याच संशयाची शिक्षा फिर्यादीला का?

फिर्याद खोटी आहे, हे सांगायला आपल्या व्यवस्थेत स्वतंत्र शब्द आहेत. तपासानंतर पोलीस दोषारोपपत्र न पाठवता समरी पाठवतात, तेव्हा तिचे तीन प्रकार असतात. 'अ' समरी म्हणजे गुन्हा खरा, पण गुन्हेगार सापडला नाही. 'ब' समरी म्हणजे फिर्याद द्वेषबुद्धीने केलेली, खोटी. 'क' समरी म्हणजे धड खरी नाही, धड खोटी नाही. गैरसमज झाला किंवा वाद दिवाणी निघाला. समरी मंजूर करायची की नाही हे न्यायदंडाधिकारी ठरवतात आणि फिर्यादीला तिला विरोध करता येतो. खोटी माहिती देणाऱ्यावर, खोटा आरोप करणाऱ्यावर कारवाईची कलमे पूर्वी भारतीय दंड संहितेत होती, आता भारतीय न्याय संहितेत 217 आणि 248 आहेत. काही फिर्यादी खोट्या असतात हे आम्ही नाकारत नाही. चोरीच्या असतात, मारामारीच्या असतात, तशा याही असतात. म्हणून 'खोट्या केसेस' म्हणणाऱ्याला शांतपणे विचारा : भाऊ, 'ब' समरी कितींची झाली? या कलमांखाली शिक्षा कितींना झाली? सुटलेल्यांचा आकडा सांगू नका, तो वेगळा आहे.

हीच भेसळ देशाच्या सर्वोच्च न्यायालयातही शिरली होती. कराडच्या शासकीय महाविद्यालयातून सुरू झालेल्या डॉ. सुभाष महाजन प्रकरणात 20 मार्च 2018 रोजी निकाल आला. तारीख पाहा, चवदार तळ्याची तारीख! कायद्याच्या गैरवापराबद्दल बोलताना निकालात 2015 चे आकडे दिले होते : निकाली 15,638 खटले, त्यांपैकी 11,024 मध्ये निर्दोष मुक्तता किंवा डिस्चार्ज, 495 मागे घेतलेले, 4,119 मध्ये शिक्षा. डिस्चार्ज, मुक्तता, माघार आणि खोटेपणा या चार वेगळ्या गोष्टी आहेत, पण वाचणाऱ्याने त्यांची एकच मोट बांधली. 2 एप्रिलला देश बंद झाला. संसदेने कलम 18अ आणले. 1 ऑक्टोबर 2019 रोजी न्यायालयाने आपले ते निर्देश मागे घेतले आणि 10 फेब्रुवारी 2020 रोजी 18अ वैध ठरवले. न्यायालयाने दुरुस्ती केली, पारावरची दुरुस्ती अजून बाकी आहे.

मग खटले पडतात कुठे? बहुतेकदा पहिल्याच दिवशी, ठाण्याच्या टेबलावर. जातीवाचक शिवीगाळ आणि मारहाण सांगायला गेलेल्या माणसाच्या हातात एन.सी.चा कागद दिला जातो. एन.सी. म्हणजे अदखलपात्र, ज्याचा तपास दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय होत नाही. ॲट्रॉसिटीचा गुन्हा दखलपात्र आहे, त्याचा एफआयआरच झाला पाहिजे. एफआयआर झालाच तर कुठे आणि कोणासमक्ष शिवी दिली, हे त्यात नसते. 2020 च्या हितेश वर्मा निकालानंतर, चार भिंतींच्या आत, लोकांच्या नजरेआड झालेला अपमान या कलमात बसत नाही. अपमान झाला तरी खटला पडतो. जातीचा दाखला जोडलेला नसतो. 1995 च्या नियमांतील नियम 7 प्रमाणे तपास डीवायएसपी दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो. तो खालच्याने केला म्हणून देशभर खटले ढासळलेत. चूक तपासाची, सुटला आरोपी आणि खोटारडा ठरला फिर्यादी!

उरते 'फितूर'. इंग्रजीत उलटलेल्या साक्षीदाराला 'होस्टाइल' म्हणतात, आपण त्याला गद्दाराच्या पंक्तीला बसवतो. आमच्या बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात साक्षीदार ज्याच्या उसात मजुरीला जातो, ज्याच्या विहिरीचे पाणी मागतो, त्याच्याच भावकीविरुद्ध त्याला उभे राहायचे असते. खटला वर्षानुवर्षे चालतो आणि रोज तर रोजचा बुडतो. त्याला शिव्या देण्याआधी विचारू या, कलम 15अ प्रमाणे त्याला संरक्षण, प्रवासखर्च, भत्ता मिळवून द्यायला आपल्यापैकी कोण गेले होते?

इथे बोट आपल्याकडेही वळते. घटना घडली की निवेदन, मोर्चा, फोटो, फेसबुक लाइव्ह. चौथ्या तारखेला कोर्टात फिर्यादी बाई एकटी बसलेली असते. तडजोडीचे निरोप घेऊन येणाऱ्यांत कधी आपल्याच गटाचा पुढारी असतो. हे गुन्हे आपसात मिटवण्याच्या यादीत नाहीत, हे त्याला ठाऊक असते.

म्हणून प्रत्येक गावात दोन जणांनी तरी हे पाठ करावे. कलम 4 : तोंडी फिर्याद लिहून घेणे, सहीपूर्वी वाचून दाखवणे, प्रत देणे हे लोकसेवकाचे कर्तव्य आहे, जाणूनबुजून टाळणाऱ्या बिगर-दलित, बिगर-आदिवासी लोकसेवकाला सहा महिने ते एक वर्ष कैद आहे. कलम 18 : अटकपूर्व जामिनाला बंदी. कलम 15अ : जामिनासह प्रत्येक सुनावणीची पूर्वसूचना आणि आपले म्हणणे मांडण्याचा हक्क. वाचून दाखवल्याशिवाय सही नाही आणि प्रत घेतल्याशिवाय ठाणे सोडायचे नाही.

बाबासाहेबांनी डिसेंबर 1927 मध्ये महाडच्या दिवाणी न्यायालयाचा मनाई हुकूम आल्यावर तळ्यावर जाणे थांबवले, लढाई थांबवली नाही. विरोधकांचा सगळा दावा एका शब्दावर उभा होता : अनादी काळापासूनची 'वहिवाट'. ती सिद्ध होत नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाकडून 17 मार्च 1937 रोजी मिळवेपर्यंत बाबासाहेब त्या एका शब्दामागे दहा वर्षे लागले होते. आपल्यापुढे 'खोटी केस' हे दोन शब्द आहेत. पारावर, चावडीवर, व्हॉट्सॲपच्या गटात जिथे ते उच्चारले जातील, तिथे उठून विचारा : 'ब' समरी दाखव. आणि आपल्या गावातल्या खटल्याची पुढची तारीख कोणती, ते आजच जाऊन विचारा.

जय भीम! जय संविधान!