आभाळ कुणाच्या सातबाऱ्यावर?

गेल्या महिन्यात वस्तीच्या वाचनालयात मी लहान उपग्रहांचा विषय काढला, तर आपलाच एक कार्यकर्ता उसळला. "पोरं गटारात गुदमरून मरतायत आणि तू आभाळातले डबे मोजतोस?" टाळ्या पडल्या. मी गप्प बसलो. उभं राहून भाषण ठोकणं मला जमत नाही. म्हणून लिहितोय.

दोस्तांनो, त्याचा राग खरा. पण वाक्य आपलं नाही. गटार तुमचं, आभाळ आमचं, ही वाटणी ज्यांनी केली त्यांचंच ते वाक्य. आपण ते फुकटात त्यांच्यासाठी बोलतो. गटार साफ करायचं यंत्र आहे, २०१३ चा कायदा आहे. तरी माणूस उतरवला जातो, तो उपग्रहाने पैसे खाल्ले म्हणून नाही. जातीने माणूस स्वस्त केलाय म्हणून.

आता माल काय आहे ते बघू. मी गोदीत काम करतो. पेटीवरचं वाचल्याशिवाय आम्ही हूक लावत नाही.

जमिनीपासून साधारण १०० ते ३०० किलोमीटर वरचा पट्टा. फुगा तिथवर पोचत नाही. रॉकेट पोचतं, पण काही मिनिटांत खाली येतं. उपग्रह फार टिकत नाही, कारण विरळ का होईना, हवा त्याला घासते, खाली ओढते. मग इथली खबर काढायला कोण लागतं? लहान, स्वस्त आणि मरायला तयार असलेला. ओळखीचं वाटतं ना?

उन्हाच्या माऱ्याने तिथल्या अणूंचे इलेक्ट्रॉन सुटे होतात. त्या थराला आयनांबर म्हणतात. जहाजाला जागा सांगणारा जीपीएसचा संदेश त्यातूनच येतो आणि वाटेत उशीर खातो. विषुववृत्ताच्या आसपास सूर्य बुडाल्यावर तिथं असे बुडबुडे उठतात की संदेश लडखडतो. ज्या जहाजाचा माल मी उतरवतो, त्याची वाट ह्या थरातून जाते. तेव्हा हा विषय माझ्या भाकरीचाही आहे.

आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांनी हेच इलेक्ट्रॉन मोजायला 'प्रथम' बांधला. २००७ ला सुरुवात, २६ सप्टेंबर २०१६ ला श्रीहरिकोट्याहून उड्डाण. वजन दहा किलोच्या आसपास. पुण्याच्या अभियांत्रिकी कॉलेजच्या पोरांचा 'स्वयम्' त्याच वर्षी २२ जूनला गेला. तो तर किलोभराचा. आमच्या एका गोणीत 'प्रथम'सारखे पाच बसतील. म्हणजे वजन आपल्याला पेलतं. अडतं ते दाराशी. मी मॅट्रिक झालो त्या शाळेत प्रयोगशाळेला कायम कुलूप. दहावीपर्यंत चुंबक मी फक्त चित्रात बघितला.

थुंब्याची गोष्ट तुम्ही ऐकलीय. चुंबकीय विषुववृत्त जवळून जातं म्हणून केरळातलं हे मच्छीमारांचं गाव निवडलं. २१ नोव्हेंबर १९६३ ला तिथून पहिलं रॉकेट उडालं, ते ह्याच वरच्या हवेचा अभ्यास करायला. चर्चमध्ये कार्यालय, सायकलवर रॉकेटचे भाग, हे सगळे कौतुकाने सांगतात. घरं सोडून उठलेल्या मच्छीमारांच्या वाट्याला त्या गोष्टीत एक ओळ येते. ती जमीन त्यांची होती. म्हणजे आभाळाच्या पायरीचा पहिला दगड कष्टकऱ्याच्या घराखालून निघालाय.

आणि २०२२ बघा. देशभरातल्या ७५ सरकारी शाळांतल्या ७५० मुलींनी 'आझादीसॅट'चे भाग जुळवले. ७ ऑगस्टला रॉकेट उडालं, पण कक्षा चुकली. ३५६ किलोमीटरवर गोल फिरायचं, ते एका बाजूने ७६ किलोमीटरपर्यंत खाली आलं. तिथल्या हवेने उपग्रह गिळला. आपण असतो तर म्हटलं असतं, जाऊ दे, हे आपलं काम नाही. पण १० फेब्रुवारी २०२३ ला 'आझादीसॅट-२' वर गेला. सरकारी शाळेतली मुलगी एकदा हरली आणि परत गेली. ह्याहून मोठा पुरावा मला नको.

म्हणून माझं मागणं साधं आहे. महापालिकेच्या शाळांच्या गच्चीवर अँटेना आणि रेडिओ बसवा. 'प्रथम'चे संदेश पकडायला इतर कॉलेजांनी आपापली केंद्रं उभारली, मग वस्तीतल्या शाळेची गच्ची काय पाप करून बसलीय? उपग्रह डोक्यावरून जाताना त्याची पिपाणी आपल्या पोरांनी कानाने ऐकावी, आकडे वहीत उतरवावेत. उपग्रह बांधणाऱ्या कॉलेजांनी दरवर्षी अशा शाळांतली पोरं हाताखाली घ्यावीत. झाडलोटीला नाही, सोल्डरिंगला. आणि प्रयोगशाळांची कुलपं आपण मोर्चा काढून उघडवावीत. आपल्याला मोर्चे नवे नाहीत.

त्या कार्यकर्त्या मित्राला एवढंच विचारायचंय. गटारातून माणूस बाहेर काढायचाच आहे, त्यात तू आणि मी एकत्रच. पण बाहेर काढल्यावर त्याला मान खालीच घालून उभं राहायला सांगणार आहेस का?