मनगटाने पच्चक्खाण घेतलेलं नसतं

मुलं मोठी झाली, शिकायला किंवा नोकरीला बाहेर पडली, की आपल्यातल्या बऱ्याच जणी माळ्यावरची पेटी खाली काढतात. कुणी मुलाचा पडून राहिलेला कॅसिओ पुसून घेते. आमच्या वर्तकनगरमध्ये दुपारी एखाद्या खिडकीतून सा रे ग म ऐकू आलं की मला फार बरं वाटतं. पण पंधरा दिवसांनी भेटल्यावर तीच मैत्रीण मनगट चोळत असते. खांदा भरून आलाय, अनामिका उचलतच नाही. त्यावर सगळ्यांचा एकच सल्ला: वाजवत राहा, सवय होईल. मैत्रिणींनो, हा सल्ला मला मुळीच पटत नाही.

आपल्याला सहन करायची सवय आहे. अठ्ठाई केलेल्या बाईला मनगटाचं काय एवढं, असं आपणच म्हणतो. पण उपवास आपण समजून-उमजून, पच्चक्खाण घेऊन करतो. मनगटाने कसलं पच्चक्खाण घेतलेलं असतं?

बोटांच्या आत स्नायू नसतातच. बोटं हलवणारे मोठे स्नायू कोपराच्या खाली असतात आणि त्यांच्या दोऱ्या मनगटातल्या अरुंद वाटेने बोटांपर्यंत जातात. मनगट वाकवून, आवळून वाजवलं की त्या दोऱ्या घासतात. पोळ्या लाटताना, कपडे पिळतानाही हेच स्नायू राबतात. म्हणजे स्वयंपाक उरकून लगेच पेटीवर बसणं ही त्यांची दुसरी पाळीच. अनामिकेचं म्हणाल, तर तिची दोरी हाताच्या पाठीवर शेजारच्या बोटांच्या दोऱ्यांशी जोडलेली असते. ती इतरांसारखी सुटी उचलली जात नाही, म्हणून तिला ओढूनताणून वर करू नका.

आणि एवढा जोर लावायचा कशासाठी? पेटीचा आवाज भात्याच्या हवेवर असतो. पट्टी कितीही दाबली तरी तो वाढत नाही. पियानोत पट्टी किती वेगाने खाली जाते यावर आवाज ठरतो, पण हातोडी एकदा तारेवर आपटली की नंतर दाबून धरण्यात काही अर्थ उरत नाही. सूर लागला की बोट तिथे नुसतं टेकलेलं राहू द्यावं, हाताच्या वजनाने. खांदे कानाकडे चढलेत का, हे अधूनमधून बघावं. कोपर साधारण पट्ट्यांच्या पातळीत हवं: पेटी उंच पडत असेल तर स्वतः उशीवर बसा, खाली पडत असेल तर तिच्याखाली पाट ठेवा. गुडघे दुखत असतील तर सरळ टेबलावर ठेवा. पेटी जमिनीवरच हवी असा काही नियम नाही.

लिऑन फ्लायशर हा अमेरिकेचा नावाजलेला पियानोवादक. १९६०च्या दशकात, ऐन भरात असताना, त्याच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं आपोआप आत वळायला लागली. त्यानेही आधी रियाज वाढवूनच बघितला. पुढची तीसेक वर्षं तो मुख्यतः डाव्या हाताच्या रचना वाजवत, शिकवत राहिला, आणि १९९०च्या दशकात उपचारांनंतर पुन्हा दोन्ही हातांनी वाजवू लागला. त्याचा आजार वेगळा होता, आपल्या दुखण्याशी त्याची तुलना नको. पण रियाज वाढवला की सगळं सुटतं, या समजुतीला एवढं एक उदाहरण पुरेसं आहे.

रियाज नकोच असं मी म्हणत नाही. सुरुवातीला बोटं अवघडणारच. तो थकवा सकाळपर्यंत गेला तर काळजी नाही. मात्र कळ येत असेल, किंवा रात्री अंगठा आणि पुढच्या दोन बोटांत मुंग्या येऊन जाग येत असेल, तर पेटी बंद ठेवून डॉक्टरांना दाखवा. मनगटात नस दबण्याचा हा त्रास आपल्या वयाच्या बायकांत बराच आढळतो. बाकीच्यांनी स्वयंपाकाच्या आधी दहा मिनिटं वाजवावं, संध्याकाळी वाटलं तर आणखी दहा.