औषध निघाले, पण ते कोणासाठी?

फुप्फुसाचा कॅन्सर शेवटच्या टप्प्यात सापडला की डॉक्टर हळू आवाजात बोलत आणि घरातले लोक मागल्या दाराने रडत. दहा-बारा वर्षांपूर्वीपर्यंत हेच चित्र होते. केमोथेरपीने काही महिने मिळत आणि त्या महिन्यांचीही मोठी किंमत शरीराला मोजावी लागे. आज हे चित्र पूर्वीसारखे राहिलेले नाही. इम्युनोथेरपी नावाच्या उपचाराने काही रुग्णांना वर्षेच्या वर्षे दिली आहेत. परंतु 'काही' या शब्दातच सगळी मेख आहे. काहींना म्हणजे कोणाला? ज्यांच्या गाठीच्या तपासणीत तसा गुण सापडला त्यांना, हे शास्त्राचे उत्तर झाले. ज्यांच्या खिशात लाखो रुपये होते त्यांना, हे व्यवस्थेचे उत्तर झाले. पहिले उत्तर निसर्गाचे आहे. दुसरे माणसांनी घडवलेले आहे, आणि म्हणूनच ते बदलता येते.

आधी हा उपचार काय आहे ते समजून घेतले पाहिजे. आपल्या रक्तात टी-पेशी नावाचे पहारेकरी असतात. परक्या आणि बिघडलेल्या पेशी ओळखून मारणे हे त्यांचे काम. हे पहारेकरी बेफाम होऊन स्वतःच्याच शरीरावर तुटून पडू नयेत म्हणून निसर्गाने त्यांना ब्रेक दिलेले आहेत. त्यातल्या एका ब्रेकचे नाव पीडी-१. कॅन्सरची पेशी लबाड असते. ती आपल्या अंगावर पीडी-एल१ हे प्रथिन आणून नेमका हाच ब्रेक दाबते आणि पहारेकरी तिच्यासमोर निमूट उभा राहतो. इम्युनोथेरपीचे औषध हा दाबलेला ब्रेक सोडवते. विषाने पेशी मारण्याऐवजी ते शरीराच्या स्वतःच्या ताकदीला मोकळे करते. जपानचे तासुकु होंजो आणि अमेरिकेचे जेम्स ॲलिसन यांना अशा ब्रेकच्या शोधाबद्दल २०१८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी निव्होलुमॅब आणि पेम्ब्रोलिझुमॅब या औषधांना अमेरिकेत २०१५ साली मान्यता मिळाली.

या औषधांचा लाभ खरा आहे, पण तो चमत्कार नाही. ज्यांच्या गाठीत पीडी-एल१ पन्नास टक्के किंवा त्याहून जास्त होते, अशा पुढच्या टप्प्यातल्या रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली. पाच वर्षांनंतर पेम्ब्रोलिझुमॅबने उपचार सुरू केलेल्यांपैकी सुमारे ३२ टक्के रुग्ण जिवंत होते, तर केमोथेरपीने सुरुवात केलेल्यांपैकी सुमारे १६ टक्के. म्हणजे जगणाऱ्यांची संख्या दुप्पट झाली. पण निवडक रुग्णांतही शंभरातले अडुसष्ट पाच वर्षांत गेलेच. शिवाय ज्यांच्या कॅन्सरमध्ये ईजीएफआर किंवा एएलके हे जनुकीय बदल असतात, त्यांना या औषधाचा उपयोग बहुधा फार कमी होतो. त्यांच्यासाठी वेगळ्या गोळ्या आहेत. म्हणून तपासणीआधी औषध नको, हा पहिला धडा. नातेवाईकांच्या व्हॉट्सॲपवर आलेला 'अमुक इंजेक्शनने बरा झाला' हा निरोप वाचून घरदार विकायला निघालेल्या कुटुंबाला हे कोणीतरी शांतपणे सांगितले पाहिजे.

परंतु आपल्या वस्त्यांतला रुग्ण या टप्प्यावर पोचतो तरी कसा? त्याची वाट खोकल्यापासून सुरू होते. खोकला, वजन घटणे, थुंकीतून रक्त. एक्स-रेवर डाग दिसतो आणि टीबी समजून गोळ्या चालू होतात. थुंकीत जंतू सापडलेले नसतानाही महिनोन्महिने टीबीचे औषध चालते, आणि तोवर कॅन्सर पसरतो. आपल्या देशातल्या डॉक्टरांनीच हे वारंवार नोंदवले आहे. टीबी गरिबांचा रोग आहे, म्हणून गरिबाच्या छातीतला प्रत्येक डाग टीबीचाच, असे हे गणित. मग जिल्ह्याच्या गावी सीटी स्कॅन, मोठ्या शहरात बायोप्सी, त्या तुकड्यावर पीडी-एल१ आणि जनुकांच्या तपासण्या, रिपोर्टची वाट. औषधाचा प्रश्न येण्याआधीच हातातले पैसे संपलेले असतात.

मुंबईत परळच्या टाटा हॉस्पिटलभोवतीचा रस्ता ज्याने पाहिला असेल त्याला हे वेगळे सांगायला नको. १९४१ साली सुरू झालेले हे हॉस्पिटल देशभरातल्या गरिबांचा आधार आहे. पण उपचार हॉस्पिटलात होतो आणि रुग्ण राहतो रस्त्यावर, ओळखीच्याच्या खोलीत, नाहीतर धर्मशाळेत. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेने किती कॅन्सरग्रस्तांना छप्पर दिले असेल याचा हिशोब त्या भिंतींनाच ठाऊक. इम्युनोथेरपीचे सलाईन साधारण अर्ध्या-एक तासात संपते, पण ते दर दोन, तीन किंवा सहा आठवड्यांनी घ्यावे लागते, अनेकदा दोन वर्षांपर्यंत. विदर्भ-मराठवाड्यातून येणाऱ्या माणसाला त्या एका तासासाठी तीन-चार दिवस मोडावे लागतात. सोबत येणाऱ्याची रोजी बुडते. सोबत येते ती बहुतेक वेळा बायको किंवा मुलगी. तिची रोजी बुडाली हे कोणी मोजतही नाही.

या बायकांविषयी थोडे बोललेच पाहिजे. फायली त्या सांभाळतात, रांगेत त्या उभ्या राहतात, डॉक्टरांचे इंग्रजी त्या अर्धेमुर्धे समजून घेतात आणि घरी आल्यावर 'पेशंटला काही सांगू नका' हा घराचा हुकूमही त्याच पाळतात. रुग्णाला आपल्या रोगाचे नाव माहीत नसते, पण त्याचे ओझे त्यांच्या चेहऱ्यावर त्याला दिसत असते. दर काही आठवड्यांनी स्कॅन होतो. गाठ आटली की वाढली हे कळेपर्यंतच्या दोन-चार रात्री घरात कोणी झोपत नाही. तथागतांनी आजारी भिक्खूला स्वतःच्या हातांनी आंघोळ घालून त्याची शुश्रूषा केली, ही गोष्ट आपण विहारात सांगतो. तीच शुश्रूषा रोज करणाऱ्या बाईला आपण काय देतो? एक दिवसाची विश्रांती तरी देतो काय?

आणखी एक गोष्ट जिवाशी गाठ घालणारी आहे. इम्युनोथेरपीत केस सहसा गळत नाहीत, उलट्याही फार होत नाहीत. म्हणून लोक समजतात की हे औषध निरुपद्रवी आहे. तसे नाही. सुटलेला पहारेकरी कधीकधी घरच्याच माणसांवर धावून जातो. फुप्फुसाला सूज येते, आतड्याला येते, यकृत बिघडते, थायरॉइड मंदावते, क्वचित हृदयाच्या स्नायूंवरही घाला पडतो. गावातला डॉक्टर जुलाब पाहून जुलाबाचे आणि दम पाहून दम्याचे औषध देतो. वास्तविक वेळेवर स्टिरॉइड मिळाले असते तर रुग्ण वाचला असता. हे त्रास औषध थांबवल्यानंतर काही महिन्यांनीही उद्भवू शकतात. म्हणून 'या रुग्णाला इम्युनोथेरपी चालू आहे किंवा झाली आहे' असे मराठीत लिहिलेले कार्ड प्रत्येक रुग्णाच्या खिशात असले पाहिजे आणि ते कोणत्याही डॉक्टरला आधी दाखवले पाहिजे. याला लाखो रुपये लागत नाहीत. लागते ती रुग्णाला माणूस समजण्याची वृत्ती.

फुप्फुसाचा कॅन्सर म्हटला की 'विडी-सिगारेट ओढली, आता भोगा' हा शेरा तयारच असतो. तंबाखूचा धूर हे सर्वात मोठे कारण आहे, यात शंका नाही, आणि आपल्या वस्त्यांतून विडी हद्दपार झालीच पाहिजे. पण भारतात कधीही धूम्रपान न केलेल्या अनेकांना, विशेषतः स्त्रियांना, हा रोग होतो. दगडखाणीतली सिलिका, ॲस्बेस्टॉस, डिझेलचा धूर आणि शहराची प्रदूषित हवा या सर्वांना जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने माणसाला कॅन्सर करणाऱ्या पहिल्या गटात ठेवले आहे. खाणीत दगड कोण फोडतो? जुन्या इमारतींचे पत्रे कोण उतरवतो? पहाटे हमरस्त्यावर झाडू कोण मारतो? ज्यांच्या कामाची वाटणी जातीने करून ठेवली, त्यांच्या रोगाचे खापर मात्र त्यांच्या सवयींवर फोडायचे, हा कुठला न्याय?

आता पैशाचे बोलू. पूर्ण मात्रेत ही औषधे घेतली तर खर्च काही लाखांत थांबत नाही; वर्षभराचा हिशोब मध्यमवर्गीयालाही घर विकायला लावतो. टाटा हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी डोके व मानेच्या कॅन्सरवरील आपल्या शोधनिबंधात स्पष्ट लिहिले आहे की गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत मान्यताप्राप्त नवे उपचार शंभरातल्या एक ते तीन रुग्णांनाच परवडतात. उरलेल्या सत्त्याण्णवांचे काय? आयुष्मान भारत आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचे कवच आहे. योजना चांगली आहे. पण पूर्ण मात्रेच्या या उपचारापुढे पाच लाख म्हणजे पुराला मातीचा बांध. औषध कंपन्या मदतीच्या योजना चालवतात: आधी ठरावीक डोस विकत घ्या, पुढचे मोफत. ज्याला पहिलाच डोस परवडत नाही, त्याच्यासाठी हे दार भिंतीसारखेच.

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पेम्ब्रोलिझुमॅबवरचे आयात शुल्क एप्रिल २०२३ पासून माफ झाले. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात कॅन्सरच्या आणखी तीन औषधांवरील शुल्क काढले गेले. त्यांतली ड्युरव्हॅलुमॅब आणि ओसिमर्टिनिब ही दोन फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये वापरली जातात. पण शुल्क माफ करणे म्हणजे शंभरातले दहा कमी करणे. उरलेले नव्वद कुठून आणायचे? रोग करावर नाही, मक्तेदारीवर आहे. पेटंट वीस वर्षांचे असते आणि त्या काळात किंमत कंपनी ठरवते. एकट्या पेम्ब्रोलिझुमॅबची २०२४ मधील जगभरची विक्री २९ अब्ज डॉलरच्या वर गेली, यावरून हा बाजार केवढा आहे ते कळते.

या मक्तेदारीवर उपाय नाही असे नाही. मार्च २०१२ मध्ये भारताने सोराफेनिब या कॅन्सरच्या औषधासाठी नॅटको कंपनीला सक्तीचा परवाना दिला. बायर कंपनी महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपये घेत होती, ते औषध ८,८८० रुपयांवर आले. एप्रिल २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिसचा ग्लिव्हेकवरील पेटंटचा दावा फेटाळला. कायदा तोच आहे. तेव्हापासून हे हत्यार जवळजवळ म्यानातच आहे. इम्युनोथेरपीची औषधे जिवंत पेशींपासून तयार होतात, त्यांची नक्कल गोळीइतकी सोपी नाही, हे खरे. पण म्हणून सरकारने प्रयत्नच करू नये काय? नॅशनल कॅन्सर ग्रिडने अनेक हॉस्पिटलांची मागणी एकत्र करून ४० औषधांच्या किमतींची घासाघीस केली, तेव्हा किमती २३ ते ९९ टक्क्यांपर्यंत खाली आल्या. एकट्या माणसाला बाजार लुटतो, संघटितांपुढे तोच बाजार वाकतो. हे आपल्या चळवळीला कोणी शिकवायला नको.

आणखी एक वाट मुंबईतच निघाली आहे. टाटा हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी डोके व मानेच्या पुढच्या टप्प्यातल्या कॅन्सरमध्ये नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्शाहून कमी, म्हणजे दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम निव्होलुमॅब, स्वस्त गोळ्यांच्या जोडीने दिले. २०२२ साली निकाल प्रसिद्ध झाला: एक वर्ष जगणाऱ्यांचे प्रमाण सुमारे १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. हा निकाल फुप्फुसाच्या कॅन्सरला जसाच्या तसा लावता येणार नाही. त्यासाठी वेगळ्या चाचण्या हव्यात. पण कमी मात्रेत औषध पुरते का, हा प्रश्न औषध विकणारी कंपनी आपणहून कशाला विचारील? तो सार्वजनिक पैशावर चालणारे हॉस्पिटलच विचारू शकते. म्हणून अशा संशोधनाला सरकारने हात मोकळा सोडून पैसा दिला पाहिजे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात मजूर खात्याचे मंत्री असताना कामगारांच्या आरोग्य विम्याची आखणी झाली आणि १९४८ साली राज्य विमा कायदा आला. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात तर त्यांनी विमा हा संपूर्णपणे राज्याच्या मालकीचा असावा अशी मागणी केली होती. माणसाचे संकट हा कोणाच्या नफ्याचा धंदा होऊ नये, हा त्यामागचा विचार. संविधानाच्या ४७ व्या कलमाने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य ठरवले आहे. आज खाणीतला, नाक्यावरचा, कंत्राटी सफाईचा कामगार बहुतांशी या विम्याच्या बाहेर आहे. मताची किंमत सर्वांची सारखी आणि श्वासाची किंमत मात्र ज्याच्या त्याच्या खिशाप्रमाणे, ही विसंगती बाबासाहेबांच्या अनुयायांनी मुकाट्याने का सहन करावी?

तेव्हा मागण्या स्पष्ट हव्यात. ज्या रुग्णाला तपासणीनुसार लाभ होण्याची शक्यता आहे, त्याला सरकारी योजनेतून औषध मिळाले पाहिजे आणि तपासण्याही मोफत झाल्या पाहिजेत. योजनेतून कोणत्या जिल्ह्यात किती रुग्णांना हा उपचार मिळाला, याचे आकडे दरवर्षी जाहीर झाले पाहिजेत. जिल्हा रुग्णालयात ही इंजेक्शने देण्याची सोय झाली पाहिजे, म्हणजे मुंबईच्या वाऱ्या वाचतील. धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी राखल्या पाहिजेत, हा नियम आहे. तो पाळला जातो की नाही हे तपासायला आपल्या वकिलांनी आणि कार्यकर्त्यांनी फाईल घेऊन जायला हवे.

आणि जे सरकारवर सोपवता येत नाही ते आपण करावे. आपल्या समाजातून आज शेकडो डॉक्टर, परिचारिका, औषधविक्रेते, वैद्यकीय समाजसेवक तयार झाले आहेत. महिन्यातून एक रविवार विहारात बसून त्यांनी रुग्णांच्या फायली वाचून द्याव्यात, रिपोर्टचा अर्थ मराठीत सांगावा, कोणत्या योजनेचा अर्ज कुठे करायचा ते समजवावे. तीन आठवडे हटत नाही असा खोकला असलेल्या माणसाला तपासणीला घेऊन जावे. टीबीच्या औषधाने गुण येत नसेल तर दुसरी तपासणी मागायला त्याच्यासोबत उभे राहावे. जयंतीच्या वर्गणीतला थोडा वाटा रुग्णाच्या प्रवासासाठी निघाला तर मिरवणूक लहान होईल, जयंती लहान होणार नाही.

पहारेकऱ्याच्या अंगात ताकद असते. कोणीतरी ती दाबून ठेवलेली असते. हे विज्ञानाने टी-पेशीबद्दल सिद्ध केले. समाजाबद्दल ते सिद्ध करण्याचे काम आपले आहे.