बाबांच्या कॉम्प्युटरवर विंडोज ११ घालावं का?



हा प्रश्न मला आतापर्यंत निदान पाच-सहा जणांनी विचारला, आणि गंमत म्हणजे स्वतःच्या मशीनबद्दल कोणीच विचारत नाही. आपला लॅपटॉप कंपनीचा, त्यावर काय असावं ते कंपनी ठरवते, आपण फक्त रीस्टार्टचं बटण दाबायचं. प्रश्न असतो तो नाशिक-पुण्याच्या, सातारा-सांगलीच्या घरी हॉलच्या कोपऱ्यात क्रोशाच्या रुमालाखाली झाकून ठेवलेल्या डेस्कटॉपचा. "बाबा म्हणतात, सपोर्ट संपला असं काहीतरी येतंय स्क्रीनवर. अपग्रेड करू का?"

विंडोज १० जुलै २०१५ मध्ये आलं आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नेहमीचा सपोर्ट संपला. म्हणजे मशीन बंद पडलं असं नाही. ते चालतं, पत्त्यांचा डाव लागतो, सगळं जिथल्या तिथे. फक्त त्यात नवं भोक सापडलं तर ते बुजवायला आपण होऊन कोणी येत नाही. डिफेंडरला नव्या व्हायरसची यादी ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळत राहील असं मायक्रोसॉफ्टने सांगितलंय, पण त्यावर निर्धास्त राहू नका. वॉचमन ठेवला म्हणून तुटलेली कडी दुरुस्त होत नाही.

हे भोक प्रकरण किती गंभीर, ते मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय'ने दाखवलं. मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच पॅच काढला होता. ज्यांनी तो घातला नाही त्यांच्या फायली दोन महिन्यांनी कुलूपबंद झाल्या. ब्रिटनमध्ये सरकारी हॉस्पिटलांना पेशंटच्या अपॉइंटमेंट रद्द कराव्या लागल्या. नावं ठेवली गेली ती एक्सपीला, पण बाधित मशीन्सपैकी बहुतेक विंडोज ७ ची होती आणि विंडोज ७ ला तेव्हा सपोर्ट चालू होता! म्हणजे नवी सिस्टिम असणं आणि तिचे पॅच वेळेवर घातले जाणं या दोन वेगळ्या गोष्टी. आईबाबांच्या घरी दुसरीच जास्त लंगडी असते. अपडेट सुरू झालं की बाबा मेन स्विच बंद करतात, वीज जळते म्हणून.

आणि हेही कबूल करायला हवं की आपल्या आईवडिलांचे पैसे जातात ते बहुतेक वेळा फोनवरून. बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्याला ओटीपी सांगितला तर विंडोज ११ काय, विंडोज २१ सुद्धा काही करू शकत नाही. पण त्याच मशीनवर पेन्शनचं खातं आणि एफड्या नेटबँकिंगने बघितल्या जात असतील, तर पॅच नसलेली सिस्टिम वर्षानुवर्षं चालवू नये, हे माझं ठाम मत.

आता मशीन पात्र आहे का ते बघू. विंडोज ११ ला ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते, ते जमतं. अडतं प्रोसेसरवर. इंटेल असेल तर साधारण आठवी पिढी किंवा पुढची, एएमडी असेल तर रायझेन २००० मालिका किंवा पुढची. शिवाय टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते. 'पीसी हेल्थ चेक' हा मायक्रोसॉफ्टचाच मोफत प्रोग्रॅम लगेच निकाल देतो. टीपीएम नाही असा निकाल आला तरी हाय खाऊ नका. कोपऱ्यावरच्या दुकानातून असेंबल केलेल्या मशीनमध्ये ते पुष्कळदा असतं, फक्त बायोसमध्ये बंद असतं. इंटेलवर पीटीटी आणि एएमडीवर एफटीपीएम या नावाने शोधा. हे काम मात्र व्हिडिओ कॉलवर करू नये. बायोसच्या निळ्या पडद्यासमोर बाबा, कॅमेरा छताकडे, आणि मागून आई, "अरे, त्याला झोपू दे, तिकडे रात्रीचे दोन वाजलेत."

आमचं नाशिकचं मशीन २०१६ चं, सहाव्या पिढीचं, म्हणजे नापास. आडवाटेने विंडोज ११ घालता येतं, त्याचे व्हिडिओ पोत्याने सापडतील. मी केलं नाही. अशा मशीनला अपडेट मिळण्याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही आणि दरवर्षीची मोठी आवृत्ती बहुधा हाताने घालावी लागते. स्वतःच्या मशीनवर हौस म्हणून ठीक आहे. आठ हजार मैलांवरून कोण बसणार?

मी दोन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी घातली. बाबांना 'नवा कॉम्प्युटर' हवा होता तो बहुतेक एवढ्यानेच मिळाला. जुनी मशीन्स रांगतात ती विंडोजपेक्षा त्या फिरत्या डिस्कमुळे. दुसरी म्हणजे विंडोज १० चे जादा सुरक्षा अपडेट, ज्याला ईएसयू म्हणतात, त्यात नाव नोंदवलं. घरगुती ग्राहकांसाठी २०२५ मध्ये जाहीर झालेली ही मुदत १३ ऑक्टोबर २०२६ ची. ३० डॉलर भरा, किंवा मायक्रोसॉफ्ट खात्यातून सेटिंग्जचा बॅकअप चालू करून फुकट मिळवा. जर्मनी-आयर्लंडवाल्यांनो, युरोपियन इकॉनॉमिक एरियात ही बॅकअपची अटही ठेवलेली नाही (ब्रिटनवाले त्यात येत नाहीत, तुमचं नशीब :-)). मशीनवर विंडोज १० ची शेवटची आवृत्ती, २२एच२, असायला हवी. पण ही मुदतवाढ आहे, इलाज नव्हे. या काळात नवं मशीन कधी घ्यायचं ते ठरवायचं.

आता अपग्रेडमध्ये आपल्या घरांत खरं काय अडतं ते सांगतो, कारण इंग्रजी लेखांत हे सापडत नाही.

बाबा सोसायटीचे सेक्रेटरी होते. वीस वर्षांच्या सभांची इतिवृत्तं मराठीत टाइप केलेली, पण युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये. अशा फायलीत आत रोमन अक्षरंच असतात, फॉन्ट त्यांना देवनागरीचा मुखवटा चढवतो. नव्या मशीनवर तो फॉन्ट नसला की 'सर्वसाधारण सभा'च्या जागी नुसता अगम्य गोंधळ दिसतो. म्हणून काहीही करण्याआधी जुन्या मशीनचा फॉन्टचा आख्खा फोल्डर पेन ड्राइव्हवर काढून ठेवा. युनिकोडमधल्या मंगल फॉन्टच्या फायलींना धोका नाही, पण कोऱ्या विंडोज १० किंवा ११ वर मंगल आपोआप असेलच असं नाही. ऑप्शनल फीचर्समध्ये देवनागरीचे पूरक फॉन्ट आहेत, ते घाला. टायपिंगसाठी २०१९ पासून विंडोजमध्येच मराठी फोनेटिक कीबोर्ड आहे, तो आईला दोन दिवसांत जमला.

दुसरं म्हणजे, विंडोज ११ फक्त ६४ बिटचं आहे. जुन्या मशीनवर ३२ बिटचं विंडोज असेल तर वरच्यावर अपग्रेड होत नाही, कोरं इन्स्टॉल करावं लागतं. मग डॉसच्या काळातला पत्रिका काढायचा प्रोग्रॅम चालत नाही. डोंगल लावून चालणारं जुनं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअरही बहुधा बसतं. पत्रिकेवरून आमच्याकडे टेलिफोनवर बरीच वादावादी झाली, ती इथे देत नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. विंडोज ११ च्या २०२४ मधल्या २४एच२ आवृत्तीपासून नव्या मशीनवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की डिस्क बहुतेक वेळा आपोआप एनक्रिप्ट होते, आणि तिची ४८ आकडी किल्ली त्या खात्यात जाऊन बसते. लॅपटॉप चोरीला गेला तर उत्तमच. पण खातं कोणाचं? माझ्या एका मित्राच्या सासऱ्यांना दुकानातल्या मुलाने नवा लॅपटॉप 'सेट करून' दिला, स्वतःच्याच एका ईमेलवर. पुढे मदरबोर्ड बदलला, स्क्रीनने किल्ली मागितली, तोवर मुलगा नोकरी सोडून गेलेला. नातवाच्या बारशापासूनचे सगळे फोटो त्या डिस्कवर होते. डिस्क शाबूत, फोटो शाबूत, आणि ते उघडणारं जगात कोणी नाही.

तेव्हा खातं बाबांच्या नावाचं, त्यात आपला फोन नंबर जोडलेला, आणि किल्ली कागदावर छापून कपाटात, एफडीच्या पावत्यांच्या फाइलमध्ये. फोटोंची एक प्रत वेगळ्या डिस्कवर. हे अपग्रेड करा वा न करा, दोन्ही परिस्थितीत लागू.

मशीन पात्र असेल तर माझं उत्तर हो, घाला. नवा चेहरा वगैरे गोष्टींसाठी नव्हे, निव्वळ पॅचसाठी. पण पुढच्या देशवारीत, स्वतः समोर बसून, आणि पहिल्या दोन दिवसांतच. नाही पटलं तर जुन्या विंडोजवर परत जायला साधारण दहा दिवसच मिळतात, आणि परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री सुरू केलेलं अपग्रेड म्हणजे पुढचे सहा महिने शनिवारचा फोन फक्त त्याचाच.

आणि हो, अपग्रेडआधी प्रिंटरचा ड्रायव्हर बघून ठेवा. त्या विषयावर मात्र स्वतंत्र लेख लागेल.